रविवारचा लाँग रन शनिवारी कसा गेला: नाशिकच्या एका धावपटूच्या जुन्या नोंदींचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका रनिंग ग्रुपमधलं आहे. माणसांची नावं काढून टाकली आहेत. गटात ज्याला ज्या नावानं हाक मारतात, तेवढीच ठेवली आहेत. बाई म्हणजे माध्यमिक शाळेतल्या एक शिक्षिका, वय चाळिशीच्या आत, राहायला सिडकोत. सर म्हणजे गटाचे प्रशिक्षक. मॅडम म्हणजे फिजिओथेरपिस्ट. आणि इंजिनिअर म्हणजे अंबडच्या एका कारखान्यात ऑटोमेशनचं काम करणारा गटातला तरुण. तारखा मात्र खऱ्या ठेवाव्या लागल्या, कारण सगळा घोळ तारखांचाच आहे.

पार्श्वभूमी

कविता राऊत, संजीवनी जाधव यांच्यासारख्या लांब पल्ल्याच्या धावपटू घडवणाऱ्या या शहरात हौशी धावणाऱ्यांचीही आता कमी नाही. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर किंवा गंगापूर रोडला गेलात तर कानटोपी घातलेली, मनगटावरचं घड्याळ सुरू करण्यासाठी उपग्रहाची वाट पाहत थांबलेली माणसं हमखास दिसतील. बाई त्यांतल्याच. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत पहिली फुल मॅरेथॉन पळायची, हे त्यांनी जूनमध्येच ठरवलं होतं.

त्यांचा आठवडा शाळेच्या वेळापत्रकावर बेतलेला होता. सोमवार ते शुक्रवार शाळा अकराला भरते, म्हणून मंगळवार, बुधवार आणि शुक्रवारी पळणं सकाळी सहाला. शनिवारी सकाळची शाळा, साडेसातला हजर व्हावं लागतं. त्यामुळे शनिवारची चढण पहाटे पावणेपाचला, दोन मैत्रिणींना सोबत घेऊन, पांडवलेणीच्या बाजूला. रविवारी पाचला गटासोबत लाँग रन: गंगापूर रोड, सोमेश्वर, पुढे धरणाची दिशा. सोमवारी सुट्टी. आठवड्यातून दोन संध्याकाळी घरीच ताकदीचे व्यायाम. सगळं घड्याळावर नोंदलं जायचं आणि तिथून स्ट्रावावर, म्हणजे पळण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर, जायचं. म्हणजे आठवड्याला सात नोंदी. हा आकडा पुढे लागणार आहे.

सर जुन्या वळणाचे. प्रत्येकाचं एक पान असलेली लांबट वही त्यांच्याकडे असते आणि रविवारी पाण्याच्या बाटल्यांसोबत तीही स्कूटरच्या डिकीत असते. बाईंच्या पानावर निळ्या शाईत ‘र – एलएसडी २४, धरणापाशी पाणी, शेवटचे ३ जड’ अशा ओळी आहेत. एलएसडी म्हणजे सावकाश पळायची लांब पळ. गटातली तरुण मुलं या वहीला हसतात.

अडचण

२३ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी बाई परतीच्या वाटेवर लंगडू लागल्या. उजव्या नडगीची आतली कड दुखत होती. मॅडमनी तपासलं तेव्हा दुखणं नडगीभर पसरलेलं नव्हतं. घोट्याच्या चार बोटं वर अंगठ्यानं एका जागी दाबलं की बाई ‘आई गं’ म्हणत, आणि दोन बोटं बाजूला दाबलं की काही नाही. एका पायावर उडी मारायला सांगितली, तर त्यांना ती मारवेना. असं एका जागचं दुखणं म्हणजे हाडावर ताण आल्याची शंका. मॅडमनी पळणं त्याच दिवशी बंद केलं, हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि एमआरआयसाठी लिहून दिलं. अशा दुखण्यात सुरुवातीला साधा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो. सोबत एक मागणी केली: ‘गेल्या बारा आठवड्यांत कोणत्या दिवशी किती पळलात, ते दिवसवार द्या. बुधवारी बघू.’

बारा आठवडे म्हणजे १ सप्टेंबर, सोमवार ते २३ नोव्हेंबर, रविवार. मागणी साधी वाटते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरांचा. फोनवर ॲप उघडा, एकेक नोंद बघा, वहीत उतरवा. ऐंशीच्या आसपास नोंदी, म्हणजे तास-दीड तासाचं काम. कंटाळवाणं खरं, पण ॲप प्रत्येक नोंद पळालेल्या जागच्या वेळेनुसार दाखवतं. हा मुद्दा तेव्हा कुणी बोललं नाही.

दुसरा, खात्याचं सगळं संग्रहण मागवणं. स्ट्रावाच्या सेटिंगमधून विनंती केली की काही वेळानं ईमेलवर दुवा येतो, त्यात सगळ्या नोंदींचा एक तक्ता आणि मूळ फायली असतात. सगळं एकदम मिळतं, हा फायदा. दुवा कधी येईल ते आपल्या हातात नाही, आणि वर्षानुवर्षांच्या पसाऱ्यातून बारा आठवडे वेगळे काढायचे, हा तोटा.

तिसरा इंजिनिअरचा. त्यानं गटासाठी एक छोटं साधन, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम, आधीच लिहायला घेतलं होतं. सुरुवातीची तारीख द्या, शेवटची द्या, ते स्ट्रावाच्या एपीआयकडून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना नोंदी देणाऱ्या खिडकीतून, तेवढ्या नोंदी आणतं आणि दिवसवार तक्ता मांडतं. एपीआयला ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ अशा दोन वेळा द्याव्या लागतात, आणि त्यांच्या मधल्या नोंदी परत येतात.

इथे एक निर्णय घ्यावा लागला, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत नीट घेतलेला निर्णय. इंजिनिअरच्या डोक्यात होतं, सगळ्या गटाची खाती एकदा जोडायची आणि सरांना एकाच पडद्यावर सगळ्यांचं दिसेल असं करायचं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये स्ट्रावानं एपीआयच्या अटी बदलल्या: बाहेरच्या साधनानं एका वापरकर्त्याच्या नोंदी त्याच वापरकर्त्याला दाखवायच्या, दुसऱ्याला नाही. प्रशिक्षकाच्या पडद्याची कल्पना तिथेच संपली. दुसरं म्हणजे बाईंच्या घराजवळच्या नोंदी ‘फक्त मला’ या खुणेखाली होत्या. पहाटे एकटीदुकटी पळणारी बाई आपला रस्ता चारचौघांना का दाखवील? साधनानं नुसती वाचायची साधी परवानगी मागितली तर अशा झाकलेल्या नोंदी येतच नाहीत. त्यासाठी ‘सगळं वाचू दे’ ही मोठी परवानगी लागते.

शेवटी ठरलं असं की साधन बाईंच्याच लॅपटॉपवर, बाईंच्याच लॉगिननं चालवायचं. मोठी परवानगी द्यायची ती या एका कामापुरती. तयार झालेला तक्ता बाई स्वतः बघतील आणि मॅडमना काय द्यायचं ते त्या ठरवतील. काम झालं की सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घ्यायची. ‘माझी पळापळ मीच दाखवणार,’ असं बाईंनी बजावलं आणि इंजिनिअरनं मान डोलावली. तसंही त्या परवानगीचं टोकन, म्हणजे तात्पुरता पास, सहा तासांत शिळं होतं, पण नवं टोकन मिळवायची किल्ली साधनाकडे राहतेच. म्हणून परवानगी मुद्दाम काढणं गरजेचं.

पहिली ठेच: कोरं पान

सोमवारी संध्याकाळी साधन चाललं. तक्त्यात सप्टेंबर पूर्ण भरलेला आणि ३० तारखेनंतर काहीच नाही. दसऱ्याच्या दोन दिवस आधी बाईंनी पळणं सोडलं, असा त्याचा अर्थ. बाईच हसल्या.

कारण किरकोळ होतं. एपीआय नोंदी पानापानांनी देतं. किती हव्यात ते सांगितलं नाही तर एका पानावर ३०, सांगितलं तर जास्तीत जास्त २००. आठवड्याला सात नोंदी, चार आठवड्यांच्या अठ्ठावीस, वर मंगळवारची पळ आणि व्यायाम मिळून तीस. हिशेब जिथल्या तिथे संपला होता. पान २०० चं केलं, आणि पुढे कधी वर्षभराच्या नोंदी मागितल्या तर रिकामं पान येईपर्यंत मागत राहायचं असंही लिहिलं. पाच मिनिटांचं काम.

ही चूक उघड दिसणारी होती म्हणून स्वस्तात सुटली. अर्धा तक्ता कोरा दिसला की कुणीही विचारतं. खरी भीती भरलेल्या तक्त्याची असते.

दुसरी ठेच: रविवार गायब

आता बारा आठवडे भरलेले दिसले. आठवड्याच्या बेरजा सरांच्या अंदाजाशी जुळत होत्या: सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ३६ किलोमीटर आणि तिथून हळूहळू चढ. इंजिनिअर खूश होता. तक्ता तसाच मॅडमकडे जाणार होता, पण जाण्याआधी बाईंनी तो सरांना दाखवला.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, ‘रविवारी सुट्टी कुणी दिली हिला?’

तक्त्यात खरंच प्रत्येक रविवार रिकामा होता. सोमवारही रिकामा. शुक्रवारी दोन-दोन पळती, शनिवारी लाँग रन, मग सलग दोन दिवस आराम. कागदावर पाहिलं तर जरा विचित्र पण समंजस वेळापत्रक. ज्याला बाईंचा आठवडा माहीत नाही त्याला यात काहीच खटकलं नसतं. मॅडमनी हा तक्ता पाहिला असता तर लाँग रननंतर विश्रांती भरपूर आहे, असाच समज झाला असता. दुखण्याच्या कारणाचा एक धागा तिथेच तुटला असता.

‘अरे, रविवारी धरणापाशी पाणी घेऊन मी उभा असतो,’ सर म्हणाले. ‘शनिवारी कशाला जाईन मी तिथे?’

इंजिनिअरचा पहिला संशय घड्याळावर गेला. मग त्याच्या लक्षात आलं की दिवाळीच्या सुट्टीतले शनिवार, १८ आणि २५ ऑक्टोबर, बरोबर जागी आहेत. त्या दोन आठवड्यांत शुक्रवारी दोन पळती नाहीत, चढण शनिवारीच आहे. घड्याळ बिघडलेलं असतं तर तेव्हाही बिघडलं असतं. मग दिवाळीत वेगळं काय होतं? बाईंनी क्षणात सांगितलं: शाळेला सुट्टी होती, त्यामुळे शनिवारीही त्या सहाला उठून निवांत गेल्या होत्या.

म्हणजे प्रश्न पहाटेचा होता. स्ट्रावाची प्रत्येक नोंद सुरू होण्याची वेळ दोन प्रकारे देते, एक जागतिक प्रमाण वेळेत म्हणजे यूटीसीत आणि एक स्थानिक. साधनानं दिवस ठरवायला यूटीसी वापरली होती. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा तिकडे नवा दिवस सुरू होतो. साडेपाचच्या आत सुरू झालेली पळ आदल्या दिवसाच्या खात्यात, नंतरची त्याच दिवसाच्या. बाईंची शनिवारची पावणेपाचची चढण शुक्रवारी जमा झाली, रविवारची पाचची पळ शनिवारी, आणि मंगळवार, बुधवार, शुक्रवारच्या सहाच्या पळती जागेवर राहिल्या. सगळ्याच नोंदी एक दिवस सरकल्या असत्या तर लगेच कळलं असतं. अर्ध्याच सरकल्या, म्हणून तक्ता खरा वाटत राहिला. आठवड्याच्या बेरजाही बिघडल्या नाहीत, कारण सोमवारी पळणंच नव्हतं.

ज्या शहरात निम्मे धावपटू साडेपाचच्या आत रस्त्यावर असतात तिथे ही चूक घराघरात होऊ शकते. कचेरीच्या वेळात चालणाऱ्या कामांच्या नोंदींत ती वर्षानुवर्षं कुणाला दिसणारही नाही.

दुरुस्त करताना आणखी एक गंमत झाली. इंजिनिअरनं स्थानिक वेळेचा रकाना घेतला. त्या रकान्यातली वेळ स्थानिकच असते, पण तिच्या शेवटी यूटीसीची खूण असलेलं ‘झेड’ अक्षर लागलेलं असतं. त्याच्या प्रोग्रॅमनं त्या खुणेवर विश्वास ठेवून पुन्हा साडेपाच तास मिळवले आणि बाई रविवारी सकाळी साडेदहाला धरणाकडे निघालेल्या दिसू लागल्या. ते ‘झेड’ दुर्लक्षायचं, हे त्यानं प्रोग्रॅममध्येच मोठ्या टिपेत लिहून ठेवलं.

तिसरी ठेच: एका चुकीनं झाकलेली दुसरी

वार जागेवर आले. मग प्रश्न मागणीतल्या दोन टोकांचा. एपीआयला तारीख चालत नाही. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, तो आकडा लागतो. १ सप्टेंबर २०२५ ची मध्यरात्र यूटीसीची धरली तर १७५६६८४८००, भारताची धरली तर १७५६६६५०००. फरक १९,८०० सेकंदांचा, म्हणजे तेच साडेपाच तास. इंजिनिअरनं दोन्ही टोकं भारतीय वेळेवर आणली. आणि तक्त्यातून २३ नोव्हेंबरचा रविवार नाहीसा झाला. ज्या पळतीत दुखणं उपटलं, नेमकी तीच.

घडलं होतं ते असं. ‘२३ नोव्हेंबरपर्यंत’ याचा अर्थ साधनानं ‘२३ नोव्हेंबर सुरू होईपर्यंत’ असा घेतला होता. आधी ही मध्यरात्र यूटीसीची होती, म्हणजे आपली पहाट साडेपाच. बाई पाचला निघाल्या होत्या, म्हणून त्या अर्ध्या तासानं बचावल्या होत्या. मध्यरात्र भारताची झाल्याबरोबर २३ तारखेचा पूर्ण दिवस बाहेर पडला. पहिल्या चुकीनं दुसरीला पाठीशी घातलं होतं.

उपाय सोपा: वापरणाऱ्यानं २३ तारीख दिली तर आतून २४ नोव्हेंबरची भारतीय मध्यरात्र द्यायची, १७६३९२२६००. माणसाच्या तोंडी ‘पर्यंत’ म्हणजे तो दिवस धरून. रजेचा अर्ज असो की लग्नाचा हॉल, आपण शेवटचा दिवस आत धरतो. साधनानं माणसासारखं ऐकावं. माणसानं दर वेळी एक दिवस वाढवून सांगायचं, हे चालायचं नाही.

शिवाय ऑक्टोबरमधल्या एका रविवारी २४ किलोमीटर दोनदा मोजले गेले होते. त्या दिवशी घड्याळाची बॅटरी कमी होती, म्हणून बाईंनी फोनवरही नोंद सुरू केली आणि घड्याळानं शेवटपर्यंत दम धरला. घड्याळ आणि फोन यांतून आलेल्या दोन वेगळ्या नोंदी. इंजिनिअर एक आपोआप उडवणार होता, बाईंनी थांबवलं. वेळा एकमेकींवर आल्या तर तक्त्यात लाल खूण करायची आणि विचारायचं, एवढंच ठरलं.

मंगळवारी रात्री सरांची वही आणि तक्ता शेजारी ठेवून कोणतेही तीन आठवडे उचलून पडताळले: एक सप्टेंबरचा, एक दिवाळीचा, एक शेवटचा. जुळले.

मॅडमच्या टेबलावर

बुधवारी तक्ता मॅडमपुढे आला. त्यांनी आधी शनिवार-रविवारवर बोट ठेवलं. शनिवारी चढण, चोवीस तासांत लाँग रन, हे बारा आठवडे जवळजवळ अखंड. मग आठवड्यांच्या बेरजा पाहिल्या. चढ हळू होता, एकदम उडी कुठेच नव्हती. ‘वाढ तर शहाण्यासारखी केलीय,’ त्या म्हणाल्या. ‘१ सप्टेंबरच्या आधी किती होतं?’

तक्त्यात ते नव्हतं, कारण मागितलंच नव्हतं. सर वही चाळू लागले. ऑगस्टच्या पानावर लाल शाईत एकच शब्द होता: डेंग्यू.

बाई २ ऑगस्टनंतर अंथरुणाला खिळल्या होत्या आणि गणपती बसले त्या आठवड्यात पुन्हा बाहेर पडल्या होत्या. बाईंच्या लेखी ते प्रकरण केव्हाच मिटलं होतं. ‘पायाचं विचारताय म्हणून तापाचं सांगितलं नाही,’ असं त्या म्हणाल्या. तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून १ जुलैपासूनच्या नोंदी मागवल्या. जुलैमध्ये आठवड्याला चाळीसच्या आसपास. ११ ऑगस्टचा आठवडा शून्य. १८ चा शून्य. २५ चा ८ किलोमीटर. आणि १ सप्टेंबरचा ३६.

बारा आठवड्यांच्या खिडकीत ३६ ही शांत सुरुवात दिसत होती. जुलैपासूनच्या खिडकीत तीच भिंत दिसली. चार आठवड्यांची सरासरी काढली तर ११ किलोमीटर. त्या सरासरीच्या तिपटीहून जास्त काम त्या एका आठवड्यात झालं होतं. अलीकडचा भार आणि चार आठवड्यांचा भार यांचं हे गुणोत्तर गेल्या दशकात फार लोकप्रिय झालं. दुखापतीचं भाकीत त्यावरून करावं की नाही, यावर संशोधकांत वाद आहे. मॅडमनीही त्यावरून काही सिद्ध झालं असं म्हटलं नाही. पण डेंग्यूनंतर अशक्त अंगानं तीन आठवड्यांच्या खंडावरून थेट ३६ वर जाणं, वर पाठोपाठची चढण आणि लाँग रन, ही माहिती त्यांना हवी होती. त्यांनी डॉक्टरांना तशी चिठ्ठी दिली आणि ‘ड जीवनसत्त्वही तपासा’ असं लिहिलं.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती कुठल्याही साधनाला लागू आहे. चार आठवड्यांची सरासरी लागणार असेल तर मागणी त्या आधीच्या २८ दिवसांपासून करावी लागते. नाहीतर पहिल्या महिन्यात ती सरासरी एक तर निघतच नाही किंवा खोटी निघते, आणि बाईंचा गोंधळ नेमका त्या पहिल्या महिन्यात होता.

परिणाम

एमआरआयमध्ये नडगीच्या हाडावर ताण आल्याचं दिसलं, भेग नव्हती. पळणं पूर्ण बंद, चालणं दुखेल तिथे थांबवून, पुढे पोहणं आणि सायकल. मुंबईची मॅरेथॉन हुकली. बाईंनी पहिले दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच ग्रुपवर लिहिलं की रविवारी पाणी द्यायला कुणीतरी लागतंच. त्यानंतर काही रविवार सरांच्या स्कूटरवर मागे बसून त्या धरणापाशी गेल्या.

परवानगी त्यांनी बुधवारीच काढून टाकली होती.

कुठे वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी मॅडमची मागणी. ‘बारा आठवडे’ हा त्यांच्या अर्जावरचा नेहमीचा आकडा. इंजिनिअरनं तो अक्षरशः घेतला, बाईंनीही घेतला. ‘कशासाठी हवंय’ हा प्रश्न सोमवारीच विचारला गेला असता तर ‘शेवटच्या खंडापासून आजपर्यंत’ ही खरी मागणी निघाली असती. तारखेची टोकं ठरवणं हा प्रशिक्षण समजणाऱ्या माणसाचा निर्णय आहे. तो साधनाच्या रकान्यात पडून राहिला.

दुसरं, सरांचा कंटाळवाणा पर्याय. बारा आठवडे हातानं उतरवणं टाळलं ते ठीक, पण तीन आठवडे पडताळायचं शहाणपण शेवटी सुचलं. ते पहिल्याच संध्याकाळी केलं असतं तर रविवारचा घोळ सरांच्या नजरेवर अवलंबून राहिला नसता. सर त्या दिवशी गावाला गेले असते तर? या प्रकरणातला हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो, कारण ती चूक पकडणारी दुसरी कुठलीही चाळणी नव्हती.

तिसरं सरांबद्दल. डेंग्यू वहीत होता. पान उलटलं की तो मागे पडायचा. सप्टेंबरचं वेळापत्रक आखताना सरांनी ते पान पाहिलं असतं तर ३६ ऐवजी १५ लिहिलं असतं, असं त्यांनीच नंतर मॅडमना सांगितलं. मला त्यांच्याकडे बोट दाखवावंसं वाटत नाही; बाई त्या आठवड्यात इतक्या उत्साहात होत्या की १५ ऐकल्याच नसत्या.

साधन आता गटातले काही जण आपापल्या लॅपटॉपवर वापरतात. तारीख दिली की ते आपोआप २८ दिवस मागे जातं आणि तेवढा भाग फिकट रंगात दाखवतं. शेवटचा दिवस आत धरतं. पहाटेची पळ पहाटेच्या दिवशीच लावतं.

एका गोष्टीवर मात्र सर आणि इंजिनिअर यांचं अजून जमलेलं नाही: नोंद नसलेला दिवस. इंजिनिअरचं म्हणणं, नोंद नाही म्हणजे शून्य, बेरीज पुढे चालू. सरांचं म्हणणं, कोरा दिवस विश्रांतीचा असेल, तापाचा असेल किंवा घड्याळ चार्जिंगला विसरल्याचा असेल, आणि तिघांना एकच शून्य लावलं तर ऑगस्ट पुन्हा तसाच निसटेल. सध्या तडजोड म्हणून सलग तीन दिवस कोरे दिसले की साधन थांबतं आणि ‘का?’ असं विचारतं. उत्तर लिहिल्याशिवाय बेरीज पुढे जात नाही. इंजिनिअरला हे अडेलतट्टू वाटतं. बाईंनी आपल्या ऑगस्टच्या कोऱ्या दिवसांपुढे उत्तर भरलं आहे, आणि डिसेंबरच्याही.